एकाच सकाळी चाळीस फोन

आज औषधाचं, खताचं काही लिहिणार नाही. छाटणीला बारा दिवस झाले, बाग पोंग्यात आहे, आभाळ मोकळं आहे. म्हणून जरा जुनं लिहायला बसलो. कारण मात्र आजचंच आहे.

मागच्या महिन्यात पोरगा आणि त्याचे दोन दोस्त लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसले. त्यांना फवारणीची सेवा सुरू करायचीय. दोन छोटे ट्रॅक्टर, दोन ब्लोअर, मोबाईलवर बुकिंग, एकरी दर ठरलेला. ज्याच्याकडे एक-दोन एकर बाग आहे त्याला स्वतःचा ब्लोअर परवडत नाही, माणसं मिळत नाहीत, मग हा धंदा चालणारच, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचा नाही. फक्त बँकेला जामीनदार पाहिजे. तिथं माझं नाव लागणार.

मी एकच गोष्ट विचारली. २०१९ ला ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस लागला होता, आठवतंय ना? तसा लागला, डावणीची भीती सगळ्यांनाच, आणि एकाच सकाळी चाळीस फोन आले, तर पहिला प्लॉट कोणाचा?

एक जण म्हणाला, "ज्याचं बुकिंग आधी त्याचा." दुसरा म्हणाला, "काका, त्या दिवशी रेट वाढवू. ज्याला खरी गरज तो देईल."

मी म्हटलं, आठ दिवस द्या. सही नंतर बघू. त्या आठ दिवसांत डोक्यात जे चाललं ते इथं उतरवतो. शेतकऱ्याच्या घरासाठी धंदा करायला निघालेल्या प्रत्येक पोरानं वाचावं म्हणून.

"त्या दिवशी रेट वाढवू" हे उत्तर नवीन नाही. दीडशे वर्षांपूर्वीचा सावकार तेच करायचा. खरं सांगायचं तर सावकाराची सेवा आपल्या घराला अगदी मापात बसलेली होती. रात्री दार वाजवा, पैसे तयार. पेरणीला द्यायचा, लग्नाला द्यायचा, दुखण्याला द्यायचा. फॉर्म नाही, साहेब सुट्टीवर नाही. म्हणून तर लोक जायचे. पण पेरणीच्या तोंडावर सगळ्या गावाला एकदमच पैसा लागतो, आणि नड जितकी मोठी तितकं व्याज मोठं. कागद त्याच्या हातात, अंगठा आपला.

१८६१ ते ६५ अमेरिकेत आपसातलं युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव कोसळले, त्यात सरकारनं शेतसारा वाढवला. आणि नेमकी सगळ्यांना नड आली तेव्हा सावकारांनी हात आखडता घेतला, जुन्या कागदांवर जमिनी ओढायला लागले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात लोक उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत लोण पसरलं. आपल्याला शाळेत दख्खनचे दंगे म्हणून शिकवलं ते हेच. लोकांचा मुख्य राग कशावर होता बघा. बहुतेक ठिकाणी त्यांनी शोधून काढून जाळले ते कर्जाचे कागद. १८७९ ला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला, १९०४ ला सहकारी पतसंस्थांचा. आपली गावातली विकास सोसायटी त्याच झाडाची फांदी.

म्हणजे सेवा दारापर्यंत आली, वेळेवर आली, एवढ्यानं ती आपली होत नाही. सगळ्यांना एकदम नड येते त्या दिवशी ती कशी वागते, ते बघावं लागतं.

आता याचंच दुसरं उत्तर. हे त्याहून जुनं आहे आणि आपल्याच जिल्ह्यातलं आहे. माझी सासुरवाडी बागलाणात, मोसम नदीच्या काठावर. तिकडं आणि पुढं धुळ्याकडं पांझरेवर फड पद्धत होती, तीनशे-चारशे वर्षांपासूनची. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. एकात ऊस, एकात भुसार, असं आलटून पालटून. प्रत्येक घराचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात.

यातली हुशारी मला सासऱ्यांनी समजावली. एक साल पाणी कमी आलं, तर काय करायचे? सगळ्यांना थोडं थोडं देऊन सगळ्यांचं वाळवायचे नाहीत. एक अख्खा फडच त्या वर्षी कोरडा ठेवायचे. आणि त्या फडात प्रत्येकाचा तुकडा असल्यामुळं तोटा सगळ्यांच्या वाट्याला सारखा. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. त्यांचा मोबदला खळ्यावर, धान्यात. पीक आलं तर पाटकऱ्याचं पोट भरणार. त्यामुळं शेवटच्या वावरापर्यंत पाणी पोहोचवणं ही त्याची स्वतःची गरज.

पहिला नंबर कोणाचा, हा प्रश्न त्यांनी दुष्काळ पडल्यावर सोडवला नाही. पीक लावायच्या आधीच सोडवून ठेवला होता. पोरांच्या लॅपटॉपात नेमकं हेच पान नव्हतं.

तिसरी गोष्ट किर्लोस्करांची. लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईत तंत्रशाळेत शिकवायचे, मग बेळगावात सायकलचं दुकान टाकलं. तिथं कडबा कापायचं यंत्र केलं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. नांगर चांगला, पण गिऱ्हाईक नाही. लोखंडानं जमीन विषारी होते अशी लोकांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. लोकांना हसू नका. ज्याचं एका हंगामावर वर्षाचं घर चालतं, तो नवीन वस्तू स्वतःच्या वावरात पहिल्यांदा का घालील? चुकलं तर कारखानदाराचा एक नांगर जातो, याचं वर्ष जातं. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून सोडून दिलं नाही. ते टिकून राहिले. पुढं बेळगावातून जागा सोडावी लागली, औंधच्या राजानं माळरान दिलं, आणि १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. माझ्या आजोबांच्या तोंडी तर नांगर म्हणजे किर्लोस्करच.

पोरांच्या हिशेबात पहिल्या महिन्यापासून दोन्ही ट्रॅक्टर पूर्ण वेळ चालू होते. मी म्हटलं, दोन वर्षं कोणी आलंच नाही तर हप्ता कशातून भरणार, ते आधी लिहा. शेतकरी विश्वास टाकायला एक हंगाम घेत नाही, दोन-तीन घेतो. आणि ते बरोबरच आहे.

चौथी गोष्ट आपल्या घराजवळची, वाघाडची. दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण, त्याच्या कालव्याच्या शेपटाला आपल्या निफाड तालुक्यातलं ओझर. कालवा होता, कागदावर हक्क होता, पण शेपटाला पाणी पोहोचत नव्हतं. वरचे भिजवून मोकळे, खालचे वाट बघत. समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी लोकांना एकत्र केलं, पुण्याच्या सोपेकॉम संस्थेची मदत झाली, आणि १९९०-९१ मध्ये तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर.

त्यांनी काय बदललं? धरण तेच, कालवा तोच. पाणी मोजून घ्यायला लागले. संस्थेला ठरलेला कोटा, पैसे मोजलेल्या पाण्याचे, आणि आत कोणाची पाळी कधी हे शेतकऱ्यांनीच ठरवायचं. काय पीक घ्यायचं तेही ज्याचं त्यानं. नाल्यांवर बंधारे घालून पाणी मुरवलं, विहिरी भरल्या. शेपटाचं ओझर द्राक्षानं हिरवं झालं. पुढं वाघाडवर अशा २४ संस्था झाल्या आणि त्यांनी मिळून अख्ख्या प्रकल्पाचं पाणीवाटप हातात घेतलं. २००५ मध्ये राज्यानं सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडं देण्याचा कायदा केला, तेव्हा वाघाडचा अनुभव समोर होता.

सुरुवात शेपटाकडून झाली, हे ध्यानात ठेवा. ज्याचा नंबर शेवटी लागतो त्याला विचारून केलेली व्यवस्था वरच्यालाही पुरते. वरच्याला विचारून केलेली शेपटापर्यंत जात नाही.

मध्ये एक गोष्ट घरातली. आपण 'शेतकरी कुटुंब' म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर सातबाऱ्यावरचा एकटा गडी असतो. नोव्हेंबर १९८६ मध्ये आपल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. मी त्याच साली दहावी पास झालो. आई गावातल्या बायांबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली होती. कधी बाजारालाही एकटी न गेलेली बाई. परत आल्यावर तिनं वडलांना विचारलं, "निंदणी माझी, गुरं माझी, मग कागदावर मी कुठंय?" वडील काही बोलले नाहीत. पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, नवऱ्यानं स्वखुशीनं काही जमीन बायकोच्या नावावर करायची. किती तरी गावांत झाली. आमच्यात नाही झाली. आई गेली तेव्हा तिच्या नावावर एक गुंठा नव्हता. हे मी आज पहिल्यांदाच लिहितोय.

आता माझी स्वतःची खपली.

२०१० चा हंगाम द्राक्षवाले विसरणार नाहीत. युरोपात माल पाठवायला लागून आपल्याला बरीच वर्षं झाली होती. १९९१ ला महाग्रेप्स झालं, सहकारी संस्थांनी प्रीकूलिंग उभारलं, आपण निर्यात शिकलो. २००३ ला अंशाच्या तक्रारी आल्या, मग प्लॉटची नोंदणी, तोडणीआधी नमुना, सगळं लागू झालं. नियम पाळून माल पाठवला. पण त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षात सीसीसीचा अंश सापडला. आपल्याकडं वाढ रोखायला ते सर्रास वापरत होते, आणि इथल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. यादीतल्या सगळ्या औषधांना पास झालेला माल तिकडं बंदरात अडकला. कंटेनरच्या कंटेनर.

माझा दोन एकरांचा माल एका निर्यातदाराकडं गेला होता. नाव घेत नाही, त्याचंही घर बसलं असेल. पहिली उचल मिळाली ती तेवढीच. बाकीचा पैसा आजपर्यंत आला नाही. सोसायटीचा हप्ता भरायला बायकोनं पाटल्या मोडल्या. त्या वेळी मला एकच प्रश्न छळत होता. यादी कोणी केली ते मला माहीत नाही, बंदरात कोण बसतं माहीत नाही, कंटेनर माझ्या नावावर नाही, मग तोटा तेवढा माझ्या नावावर कसा?

त्याच फटक्यात आडगावचे विलास शिंदेही सापडले होते. राहुरीला कृषी अभियांत्रिकी शिकलेला माणूस, स्वतः शेतकरी, शेतकऱ्यांचा माल गोळा करून निर्यात करणारा. फार मोठं नुकसान झालं. त्यानंतर त्यांनी आणि बरोबरच्या शेतकऱ्यांनी जी वाट धरली ती उत्पादक कंपनीची. अलघ समितीच्या शिफारशीवरून २००२ मध्ये कंपनी कायद्यात ही सोय झाली होती. सभासद शेतकरीच, शेअर बाजारात विकता येत नाहीत, आणि मत शेअरच्या संख्येवर मिळत नाही, माणसाला एक. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स उभी राहिली. आज द्राक्ष निर्यातीत तिचं नाव देशात वरचं आहे. पॅकहाऊस, प्रक्रिया, निविष्ठा, सल्ला, सगळं एका छताखाली.

मी सह्याद्रीचा सभासद नाही, जाहिरात करत नाही. मला त्यातलं कळलेलं एवढंच की तपासणी करणारा, औषध सुचवणारा, माल विकणारा आणि पिकवणारा हे चार वेगवेगळे मालक असले की तोटा घरंगळत शेवटच्याकडं येतो. एकाच घरात असले की प्रत्येकाला दुसऱ्याच्या चुकीची काळजी करावी लागते. फडातल्या पाटकऱ्याचं धान्य आठवा. २०२२ मध्ये सह्याद्रीच्या प्रक्रिया कंपनीत युरोपातल्या गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. भांडवल लागतंच, त्यात वाईट काही नाही. पण बाहेरचा पैसा आला की कठीण वर्षी आधी कोणाचं ऐकायचं, हा प्रश्न नव्यानं उभा राहतो. तिथल्या सभासदांनी तो विचारत राहावा, एवढंच म्हणेन.

आठवा दिवस उजाडला. पोरं परत ओट्यावर. मी वही काढली.

पहिला हिशेब एका सकाळचा. टाकी भरणं, औषध कालवणं, या प्लॉटमधून त्या प्लॉटला जाणं धरून एक ट्रॅक्टर सकाळच्या वेळात दहा-बारा एकर करील. दोन ट्रॅक्टर म्हणजे वीस-चोवीस. चाळीस घरांची सरासरी दोन एकर धरली तरी ऐंशी एकर. म्हणजे पाऊस उघडलेल्या सकाळी चारातल्या तिघांना नकार. ज्यांना नकार जाईल त्यांचे घड गेले, तर ते परत कधीच येणार नाहीत, आणि यायलाही नकोत.

मग फडाची आठवण काढून सगळ्यांनी मिळून तोड काढली. सभासद घ्यायचे ते छाटणीच्या तारखा बघून. काही सप्टेंबरातले, काही ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातले, काही उशिराचे. म्हणजे सगळे एकदम नाजूक अवस्थेत येणार नाहीत. पाऊस झाला की पहिला नंबर फुलोऱ्यातल्या बागेचा, मग दोडा अवस्थेचा, मग बाकीच्यांचा. मणी सेट झालेला शेवटी. हे हंगामाच्या आधी सगळ्यांना बसवून, वाचून दाखवून ठरवायचं. त्या दिवशी दर वाढणार नाही. काळ्या जमिनीत चिखलामुळं ट्रॅक्टर शिरत नाही, त्यांच्यासाठी एसटीपी पंप आणि लांब नळी तयार ठेवायची. अर्धे पैसे फवारणीला, अर्धे माल विकल्यावर. म्हणजे बाग टिकली तर यांचंही टिकलं.

एवढ्यात आतून बायको आली. म्हणाली, "फोन कोणाला करणार तुम्ही? खातेदार तर नाशिकला कंपनीत कामाला. पहाटे पाणी भरून ठेवणारी, औषध कालवणारी बाई घरी. तिचा नंबर घेतला का?" लॅपटॉपात एकाही बाईचा नंबर नव्हता. आता यादीत प्रत्येक घराचे दोन नंबर आहेत, आणि पहिला तिचा.

शेवटी मी पोरांना म्हटलं, सभासद चोवीस एकरांपुरतेच. तिसरा ट्रॅक्टर घ्याल तेव्हा पुढचे घ्या. पोरगा म्हणाला, "बाबा, एवढ्यात हप्ता जेमतेम निघतो." मी म्हटलं, निघतो ना? मग पहिली दोन वर्षं तुमचा पगार नाही, असं धरा. त्यांचं तोंड उतरलं. एक दोस्त दुसऱ्या दिवशी आलाच नाही. दोघं उरलेत.

काल बँकेत जाऊन सही केली. भीती वाटली का? वाटली. पाटल्या आठवल्या. पण येताना सातबाऱ्याचंही काम तलाठ्याकडं विचारून आलो. एक एकर बायकोच्या नावावर करायचाय. आईच्या वेळी राहिलेलं काम.

परवापासून विरळणी. पोंग्यातल्या बागेला आज संध्याकाळी एकदा नजर टाका, आभाळ कधी फिरेल सांगता येत नाही.